जुन्या मारुतीचा गिअरबॉक्स घरीच बदलायचा तर आधी काय काय ठरवायचं

गिअरबॉक्स उतरवणं हे काम अवघड कमी आणि किचकट जास्त आहे. एकही बोल्ट असा नाही की जो फिरवायला डिग्री लागते, पण बोल्ट खूप, जागा कमी, आणि अर्ध्यात अडकलात तर सीन असा होतो की गाडी जॅक स्टँडवर, ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकाला फिरवणारा दांडा) बाहेर लोंबतोय, रविवारची संध्याकाळ आणि स्पेअरची सगळी दुकानं बंद. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त पाना हातात घ्यायच्या आधीचं आहे आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. उदाहरणाला जुनी मारुती धरतो, ८००, जुनी झेन, पहिली ऑल्टो, कारण आपल्याकडे घरी हात घालण्याजोगी जुनी गाडी म्हटलं की बहुतेक ह्यातलीच निघते. सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, इंजिन आडवं, गिअरबॉक्स डाव्या बाजूला. ओम्नी किंवा जीप असेल तर मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट वगैरे आला, ते प्रकरण वेगळं.

पहिलं म्हणजे गिअरबॉक्सच गेलाय का हे नक्की करा. गिअर पडत नाही म्हटलं की लोक डायरेक्ट बॉक्सवर येतात आणि निघतं काय तर दोरीसारखी ताणलेली क्लच केबल. सोपी टेस्ट आहे, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबून टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, रिव्हर्स करकरतो, तर क्लच नीट सुटत नाहीये, बॉक्सला उगाच शिव्या देऊ नका. गिअरचा दांडा चारी बाजूंनी डुलतो, कुठला गिअर कुठे आहे हेच कळत नाही, तर खालच्या रॉडचे बुश गेलेत, ते किरकोळ पैशात येतात. आवाजाचं असं की न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बहुधा इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून बॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचं बेअरिंग, उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं. रिलीज बेअरिंगसाठी बॉक्स उतरवावा लागतोच, पण बदलावा लागत नाही. हे सगळं सोडून एखाद्या ठरावीक गिअरला खर्र होतंय, चढावर ॲक्सिलरेटर सोडला की गिअर निसटून न्यूट्रलला येतोय, किंवा ड्रेन केलेल्या ऑईलमध्ये धातूचे तुकडे दिसतायत, तर मग हो, बॉक्सचंच काम आहे. बारीक चंदेरी चमक थोडीफार असतेच, तिला घाबरू नका, तुकडा बोटाला टोचला तर मात्र घाबरा.

आता कुठला बॉक्स टाकायचा. इथे सगळ्यांना हुक्की येते. ८०० ला कंपनीचे चारच गिअर, मधल्या काळात एक पाच गिअरवाली आलेली, आणि ऑल्टोला पाच, मग ऑल्टोचाच टाकू की राव, हायवेला पाचवा मिळेल. होतं ते, लोकांनी केलंय, पण पहिल्यांदाच करताय तर नको. त्यात ड्राइव्हशाफ्टच्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळतात का, माउंटिंग कुठे येतं, गिअरचा रॉड पुरतो का, स्पीडोमीटरचा छोटा गिअर वेगळ्या दातांचा निघून काटा खोटं सांगायला लागतो का, असे दहा प्रश्न निघतात आणि प्रत्येकाचं उत्तर गाडीखाली झोपल्यावरच मिळतं. पहिल्या वेळी जो बॉक्स निघाला त्याचाच जुळा भाऊ बसवायचा. मॉडेल तेच, इंजिन तेच, आणि शक्यतो वर्षही आसपासचं. पाच गिअरची हौस दुसऱ्या खेपेला, तेव्हा कुठला बोल्ट कुठे लपलाय हे तुम्हाला पाठ झालेलं असेल.

आणि अजून एक पर्याय लोक विसरतात, आपलाच बॉक्स उतरवायचा आणि खोलायला गिअरबॉक्सवाल्या मिस्त्रीकडे द्यायचा. आपल्या ठाणे-नवी मुंबईत वागळे इस्टेट, तुर्भे, रबाळे साइडला विचारलंत की असा माणूस सापडतो. उतरवण्या-चढवण्याचं काम तुमचं, आतली बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर न करकरता पडावा म्हणून असलेली कडी) आणि सील त्याचं. बॉक्स कुठून आला, किती धावलाय हा प्रश्नच राहात नाही. हाउसिंग फुटलेलं नसेल आणि गिअरचे दात शाबूत असतील तर मी तरी आधी ह्याचाच भाव काढीन. मात्र ह्यात गाडी जास्त दिवस उभी राहते, मिस्त्री उद्या म्हणाला की तो उद्या कधीचा हे त्यालाही माहीत नसतं.

जुना बॉक्स घ्यायचा तर कुर्ला. सीएसटी रोडच्या भंगार बाजारात जुन्या मारुतीचे बॉक्स असतात, पण दिवसाउजेडी जा, घाईत जाऊ नका, आणि तुमच्या बॉक्सचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, माउंटिंगचे कान, सेन्सर किंवा स्विच कुठे आहे, केबल कुठल्या बाजूने येते. दुकानदार सांगेल सेम टू सेम आहे, तुम्ही फोटो बघा. मग इनपुट शाफ्ट हाताने धरून वरखाली हलवा, किंचित खेळ असतो पण खडखड वाजायला नको. तोच शाफ्ट हाताने फिरवत फिरवत एकेक गिअर टाकून बघा, प्रत्येक गिअरला फिरणं गुळगुळीत हवं, एखाद्या ठिकाणी दर फेरीला टक् असं लागलं तर दात तुटलाय, पुढे चला. बेल हाउसिंगचे (बॉक्सचं इंजिनला भिडणारं घंटेसारखं तोंड) आणि माउंटिंगचे कान नीट बघा, तडा गेलेला असतो आणि वरून काळं ग्रीस फासून ठेवलेलं असतं, फडक्याने पुसा आणि नखाने चाचपा. वेल्डिंग दिसलं तर नको. स्प्लाइनचे दात टोकदार झालेले नकोत. आतलं ऑईल बोटावर घेऊन वास घ्या, करपट वास किंवा दुधासारखा रंग, म्हणजे पाणी गेलंय, दोन्ही नको. आपल्या भागात पुरात बुडालेल्या गाड्या कमी नाहीत आणि त्यांचे बॉक्स कुठेतरी विकले जातातच ना. टेस्टिंग गॅरंटी किती दिवसांची ते बोलून घ्या आणि बिलावर लिहून घ्या, बिल नाही म्हणाला तर घेऊच नका, चोरीच्या गाडीचा निघाला तर डोक्याला ताप कोणाला. आणताना टेम्पो किंवा मित्राची गाडी. कुर्ल्याहून हार्बरच्या लगेज डब्यातून नेऊ, वाशीला उतरू, असा विचार मनात आला असेल तर ते ऑईल ज्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडेल त्याचा पण विचार करा.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, म्हणून सेम मॉडेलचा बॉक्स बदलला तर आरसीत काही बदलत नाही. पण गाडी १५ वर्षांची झाली असेल आणि रिन्यूअलची तारीख जवळ आली असेल तर आधी तारीख बघा मग गाडी खोला, आरटीओत गाडी चालवत न्यावी लागते, स्टँडवरून नाही.

जागा. ह्या एका गोष्टीवर निम्मे प्लॅन इथेच बारगळतात. ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळच्या सिडकोच्या रो-हाऊसवाल्यांना पुढची मोकळी जागा मिळते, गावठाणात अंगण मिळतं, बाकी आपण सगळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सेक्रेटरीला आधी जाऊन सांगा, तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून टाका की गाडी माझ्याच स्लॉटमध्ये इतके दिवस उभी राहील, खाली प्लॅस्टिक अंथरतोय, ऑईल सांडणार नाही. सांगितलं नाही तर बाजूच्या स्लॉटवाले काका गाडी स्टँडवर बघून दुसऱ्या दिवशी मीटिंग लावतात. स्टिल्ट पार्किंगमध्ये खाली कोबा किंवा काँक्रीट असेल तर उत्तम. पेव्हर ब्लॉक असतील तर सावध, वजन एका पॉइंटवर आलं की ब्लॉक हळूच खचतो आणि स्टँड तिरका होतो, म्हणून प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा चौकोन टाका. पोडियमच्या उतारावर तर करूच नका. आणि सीझन बघा बाबा, जून ते सप्टेंबर हे काम उघड्यावर काढू नये, दिवाळीनंतर थंडीत काढावं. दोन दिवसांत उरकेल असंही धरू नका, गॅरेजवाला एका दिवसात करतो कारण त्याच्याकडे लिफ्ट आहे आणि रोजचा हात आहे, तुम्ही दोन वीकेंड धरा आणि मधल्या दिवसांसाठी ट्रेनचा पास काढून ठेवा.

जॅकबद्दल एकदाच सांगतो. गाडीसोबत येणाऱ्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, विटांवर तर नाहीच नाही, वीट न सांगता फुटते. चांगले जॅक स्टँड, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक सरकू नये म्हणून लावायची पाचर), हँडब्रेक ओढलेला, गाडी हाताने ढकलून हलत नाही ना बघायचं आणि मगच डोकं आत घालायचं. घरात कोणीतरी असताना काम करा, एकट्याने नको.

सामान सगळं आधी आणून एका ठिकाणी ठेवा, नंतर आणू म्हटलं की संपलं. मारुतीला १०, १२, १४, १७, १९ ह्या मापांत बहुतेक काम होतं, गोटी सेट (सॉकेट पाने) अर्धा इंचीचा, दोन-तीन लांबीचे एक्स्टेन्शन, कारण बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टला हात पोचत नाही, रिंग पाने, टॉमी (उचकटायची लोखंडी कांब), बॉल जॉइंट काढायचं टूल, टॉर्क रेंच कोणाकडून मागून आणा पण आणा. दुसरा ट्रॉली जॅक गिअरबॉक्स खाली उतरवायला. स्पेअरमध्ये दोन्ही ड्राइव्हशाफ्टची ऑईल सील, इनपुट शाफ्टचं सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, जुनी झालेली क्लच केबल, गिअरबॉक्सचं माउंटिंग रबर, नवीन स्प्लिट पिना, ड्रेन प्लगचा वॉशर, गिअर ऑईल. क्लच सेट कुठल्याही परिस्थितीत नवीन टाका, जुना अजून चालेल असं वाटलं तरी, कारण त्याच्यापर्यंत पोचायला हाच सगळा खटाटोप परत करावा लागतो. ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलंय, झेनचं तर त्याच्याही आधी, पार्ट मिळतात अजून पण काउंटरवर हात घातला आणि मिळाला असं प्रत्येक वेळी होत नाही, म्हणून सगळे पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलू नका. आणि डबे उघडून जुळवून बघा, सील जुन्याच्या शेजारी ठेवता येत नसेल तर निदान त्याच्यावरचा नंबर बघा, एकाच डब्यात दोन वेगळी सील निघालेली लोकांनी बघितलीयेत.

खाडीच्या हवेने आपल्याकडे खालचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या आठवड्यात रोज संध्याकाळी रस्ट स्प्रे मारत जा, बॉल जॉइंट, सायलेन्सरचा ब्रॅकेट, माउंटिंगचे बोल्ट. तरीही नाही फिरला तर पाईप लावून लगेच जोर काढू नका, थोडा घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग सोडा, परत हलवा, नायतर डोकं तुटतं आणि मग लेथवाल्याच्या पाया पडा.

सीएनजी किट असेल तर हा पॅरा नीट वाचा, इथल्या जुन्या गाड्यांत असतंच. किटचा रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) आणि पाईप बऱ्याचदा नेमके गिअरबॉक्सच्या वर किंवा शेजारी बसवलेले असतात. सिलेंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि हाय प्रेशरचा पाईप वाटेत येत असेल तर स्वतः खोलू नका, किटवाल्याला बोलावून बाजूला करून घ्या. परत जोडल्यावर लीक टेस्टही त्यालाच करू दे. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

आता प्रत्यक्ष उतरवणं. एक मिठाईच्या खोक्याचं मोठं झाकण घ्या, त्याच्यावर पेनाने बेल हाउसिंगचा गोल काढा, आणि जो बोल्ट जिथून निघाला तो पुठ्ठ्यात तिथेच खुपसा. बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, लांब बोल्ट आखूडच्या जागी गेला तर खालच्या बाजूला काहीतरी फोडतो आणि आखूड लांबच्या जागी गेला तर दोन आट्यांवर धरून बसतो आणि अॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. बाकीचं नटबोल्ट छोट्या पिशव्यांत, वर मार्करने नाव. आणि प्रत्येक वस्तू काढायच्या आधी फोटो, कितीही सोपी वाटली तरी.

क्रम साधारण असा. बॅटरी पूर्ण बाहेर, आधी मायनस मग प्लस. मग नंबर ऑईलचा, पण ड्रेन प्लगला हात लावायच्या आधी भरायचा प्लग सुटतोय का ते बघा, ऑईल सगळं खाली काढलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर हसावं की रडावं कळत नाही. वरून क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर, अर्थची पट्टी, स्टार्टर. मग चाकं काढून खालचा आर्म आणि बॉल जॉइंट मोकळा करायचा, नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाहेर ओढायचं आणि ड्राइव्हशाफ्ट गिअरबॉक्समधून टॉमीने हळूच उचकटायचा, खट् करून सुटतो. हबच्या बाजूचा मोठा नट सोडायची तशी गरज पडत नाही. शाफ्ट तसाच लटकत ठेवू नका, तारेने बांधा, नाहीतर जॉइंटवर ताण येतो आणि बूट फाटतो. गिअरचे रॉड सोडवा. मग इंजिनला आधार, सम्पखाली (इंजिनच्या तळाचं ऑईलचं पात्र) जॅक लावायचा तर मध्ये लाकडाची जाड फळी, पत्र्याला डायरेक्ट लावला तर चेपतो. आधार लागला की मगच गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि शेवटी बेल हाउसिंगचे बोल्ट, एक वरचा बोल्ट अर्धा लावून ठेवा, दुसरा जॅक बॉक्सखाली आल्यावर तो काढा. बॉक्स सरळ बाजूला ओढायचा, वाकडा खाली लोंबू द्यायचा नाही, इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत. दोन माणसं पाहिजेत. छातीवर घेऊन एकट्याने उतरवतो म्हणणारा असतोच ग्रुपमध्ये कोणीतरी, त्याला चहा आणायला पाठवा.

बॉक्स खाली आला की लगेच नवीन चढवायची घाई करू नका, इथेच बघण्यासारखं सगळं आहे. फ्लायव्हीलवर (इंजिनच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) निळे डाग किंवा खाचा असतील तर काढून लेथवर फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला द्या. क्रँकच्या मागच्या सीलमधून इंजिन ऑईल गळतंय का बघा, गळत असेल तर आत्ताच बदला, नाहीतर नवी क्लच प्लेट महिन्याभरात तेलात भिजेल. इंजिन आणि बॉक्सच्या मध्ये दोन पोकळ डॉवेल पिना (दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या) असतात, त्या जुन्या बॉक्समध्ये अडकून भंगारात जातात आणि मग नवीन बॉक्स सेंटरला बसतच नाही, आधी त्या शोधून जागेवर ठेवा. क्लच प्लेटची बाजू नीट बघा, साधारणपणे स्प्रिंगचा फुगीर भाग प्रेशर प्लेटकडे असतो. प्लेट मधोमध बसवायला प्लॅस्टिकचा अलाइनमेंट टूल मिळतो, तो घ्या, नजरेने बसवतो हे मिस्त्रीने म्हणावं. स्प्लाइनला ग्रीस बोटभर नको, नुसता पुसल्यासारखा हात, जास्त झालं की फिरताना उडून प्लेटवर जातं. रिलीज बेअरिंग पेट्रोलमध्ये धुवू नका, आतलं ग्रीस जातं.

चढवताना एकच गोष्ट लक्षात ठेवा, बॉक्स इंजिनला हाताने भिडला पाहिजे. शेवटचं बोटभर अंतर राहिलंय म्हणून बोल्टने ओढून घेऊ, हे नाही करायचं, त्यानेच कान तुटतो किंवा क्लच प्लेटचा हब वाकतो. अडला तर जॅक थोडा वरखाली करा, इंजिनचा कल बॉक्सशी जुळतोय का बघा, बॉक्स गिअरमध्ये टाकून ड्राइव्हशाफ्टच्या बाजूने जरा फिरवा म्हणजे स्प्लाइन जुळते. जुळली की बॉक्स स्वतःहून आत सरकतो, जोर लागतच नाही. मग सगळे बोल्ट आधी हाताने, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला. ड्राइव्हशाफ्ट आत जाताना सीलच्या ओठाला स्प्लाइनने ओरखडा पडू देऊ नका, आणि सर्कलिप (शाफ्टला जागेवर धरणारी तारेची कडी) खट् बसली ना ते शाफ्ट हाताने ओढून खात्री करा.

ऑईल जीएल-४ ग्रेडचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचं, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. दुकानदार जीएल-५ पुढे करेल, जास्त भारी आहे म्हणेल, पण त्यातली काही ॲडिटिव्ह पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. गाडी सपाट असताना भरायच्या भोकातून ऑईल बाहेर यायला लागेपर्यंत भरा. निघालेलं जळकं ऑईल कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडे न्यायला येतात. गटारात ओतलं की ते जातं खाडीतच, आणि ठाणे खाडी म्हणजे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आपणच तिथे फोटो काढायला जातो.

सुरू करताना आधी क्लच केबलचा फ्री प्ले (पेडलचा सुरुवातीचा मोकळा खेळ) लावा, गाडी स्टँडवर असतानाच इंजिन चालू करून न्यूट्रलला ऐका, क्लच दाबून-सोडून ऐका, हलकेच पहिला आणि रिव्हर्स टाकून चाकं फिरतात का बघा, जास्त रेस नाही. खाली उतरवा, चाकांचे नट परत टाइट करा, रात्रभर खाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग बघा. मग सोसायटीतच दोन फेऱ्या, मग सर्व्हिस रोड. पहिल्याच दिवशी पाम बीच रोडला पाचवा टाकायला जाऊ नका. चढावर गिअर निसटतो का हे बघायला घोडबंदर रोडचा गायमुख घाट चांगला, तोही ट्रॅफिक नसताना पहाटे. नवी क्लच प्लेट आहे तर पहिले काही दिवस हाफ क्लचवर गाडी चढाला धरून ठेवू नका. शंभरेक किलोमीटर झाले की परत खाली जाऊन माउंटिंगचे बोल्ट, ड्राइव्हशाफ्टची सील आणि ऑईलची लेव्हल एकदा बघून घ्या.

जुना बॉक्स तोवर फेकू नका. घरचे गॅलरीतल्या पसाऱ्यावरून बोलतील, बोलू देत, रिव्हर्सचा स्विच किंवा एखादा ब्रॅकेट ह्याच महिन्यात लागतो. नंतर आधी गिअरबॉक्सच्या मिस्त्रीला विचारा, सुट्या भागांसाठी तो वजनापेक्षा जास्त देईल. आणि भंगारवाल्यालाच द्यायचा झाला तर लक्षात ठेवा, बाहेरचं हाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे, सगळा बॉक्स लोखंडाच्या भावात तोलू देऊ नका.